लोकेशन साउंडसाठी रेकॉर्डर आणि मिक्सर: मशीन सगळ्यात शेवटी निवडा

‘बजेट इतकं आहे, कोणता रेकॉर्डर घेऊ?’ हा प्रश्न चुकीच्या टोकापासून सुरू होतो. आधी चार गोष्टी ठरायला हव्यात: एकाच वेळी किती माइक चालू असणार, आवाज किती ठिकाणी पाठवायचा, सलग किती तास वीज लागणार, आणि मिक्स करायला कोणाचे हात मोकळे असणार. याची उत्तरं कागदावर आली की बाजारातली बहुतेक मशीनं आपोआप गळतात. उरलेल्या दोन-तीनांतून निवड करणं सोपं असतं.

उदाहरणासाठी दोन कामं धरू. पहिलं, दोन पात्रांची शॉर्टफिल्म किंवा मुलाखत. दुसरं, गावातल्या मंदिरात सप्ताहात होणाऱ्या कीर्तनाचं चित्रीकरण. पहिलं छोटं आहे, दुसरं तुमच्या सगळ्या जोडणीची परीक्षा घेतं.

१. स्रोत मोजा, माणसं नव्हे

कागद घ्या आणि एकाच वेळी ज्या ज्या ठिकाणचा आवाज वेगळा हवा, ती प्रत्येक जागा लिहा.

शॉर्टफिल्म: एक बूम (लांब काठीच्या टोकावरचा माइक), दोन लेपल (कपड्याला लावायचे छोटे, बहुधा बिनतारी माइक). एकूण तीन.

कीर्तन: कीर्तनकारांचा लेपल, मांडवातल्या साउंडवाल्याच्या मिक्सरवरून घेतलेला फीड, मृदंगावर एक, टाळकऱ्यांच्या रांगेसाठी स्टिरिओ जोडी म्हणजे दोन, आणि श्रोत्यांकडे तोंड केलेला एक. एकूण सहा.

आता त्यात एक मिळवा. हे जास्तीचं इनपुट हौस म्हणून नाही. ऐन वेळी दिग्दर्शक तिसरं पात्र फ्रेममध्ये आणतो, किंवा एखादं इनपुट खरखरायला लागतं, तेव्हा त्याचा उपयोग होतो.

स्टिरिओ जोडी एक मोजणं ही नेहमीची चूक. तिला दोन इनपुट लागतात. दुसरी चूक साउंडवाल्याचा फीड मिळतोय म्हणून बाकीचे माइक रद्द करण्याची. त्याने मिक्स केलेला असतो मांडवातल्या लोकांसाठी. मृदंग आणि टाळ मुळातच मोठ्याने वाजतात, म्हणून त्याच्या मिक्समध्ये ते जवळजवळ नसतात. फक्त फीडवर अवलंबून राहिलात तर कीर्तनकार स्पष्ट ऐकू येतात आणि मागची साथ कुठल्या तरी दुसऱ्याच खोलीतून आल्यासारखी वाटते.

२. आवाज कोणाकोणाला पाठवायचा ते लिहा

इनपुट सगळे मोजतात, आउटपुट कोणी मोजत नाही. कॅमेऱ्याला आवाज पाठवायचा का? एका की दोन कॅमेऱ्यांना? दिग्दर्शकाला हेडफोन हवा का? बूम धरणाऱ्याला स्वतःचा माइक ऐकू यायला हवा, तो वेगळा. कीर्तनाचं थेट प्रक्षेपण असेल तर त्या टेबलालाही आवाज द्यावा लागेल.

लहान रेकॉर्डरना बहुधा एक हेडफोन जॅक आणि एक ३.५ मिमीचं लाइन आउट (दुसऱ्या यंत्राला आवाज पाठवायची जोडणी) एवढंच असतं. दोन आउटपुट वेगवेगळ्या पातळीला ठेवायची सोय त्यांत नसते. तुमच्या यादीत दोनपेक्षा जास्त जागा असतील तर लहान मशीन इथेच बाद झालं.

तपासा: कॅमेऱ्याचा ३.५ मिमी जॅक बहुधा माइकच्या पातळीचा सिग्नल मागतो. रेकॉर्डरचं लाइन आउट त्याच्यापेक्षा कितीतरी मोठं असतं. रेकॉर्डरमधून उणे २० डीबीएफएसवर (डिजिटल मीटरवर शून्य ही कमाल मर्यादा, तिच्या २० डेसिबल खाली) १ किलोहर्ट्‌झचा टोन सोडा आणि कॅमेऱ्याच्या मीटरवर तो तिथेच येईल असं दोन्हीकडे जुळवा. जुळत नसेल तर मध्ये पातळी कमी करणारी केबल लागेल. ही केबल यादीत आत्ताच लिहा.

३. हात कोणाचे मोकळे आहेत?

मिक्सर हवा की नको हा प्रश्न खरं तर इथे सुटतो. मिक्सरचा अर्थ आहे फेडर (एकेका माइकची पातळी कमी-जास्त करायचे नॉब), आणि फेडर हलवायला हात लागतात. तुम्ही एकटेच असाल आणि दोन्ही हात बूमच्या काठीवर असतील तर कितीही सुंदर फेडर असलेलं मशीन तुमच्या पोटावर लटकून नुसतं राहील. अशा वेळी प्रत्येक माइकचा स्वतंत्र ट्रॅक महत्त्वाचा. मिक्स संकलनाच्या टेबलावर होईल.

तुम्ही मिक्स करताय आणि बूमवर दुसरा माणूस आहे, किंवा मिक्स थेट वापरला जाणार आहे (बातमी, थेट प्रक्षेपण, त्याच रात्री संकलन), तर मोठे आणि एकेका बोटाला सापडणारे नॉब असलेलं मशीनच घ्या. नखाएवढे नॉब घामेजल्या हाताने, अंधारात, नजर प्रसंगावर ठेवून फिरवता येत नाहीत.

वेगळा मिक्सर आणि वेगळा रेकॉर्डर घ्यावा का? नव्याने सुरुवात करणाऱ्याने घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. आजची फील्ड मशीनं दोन्ही कामं एकाच डब्यात करतात. दोन डबे म्हणजे दोन बॅटऱ्या, मधल्या केबल, आणि गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) दोनदा लावण्याची जागा. पहिल्यावर गेन कमी पडला आणि दुसऱ्यावर तो भरून काढला की सळसळ वाढते, आणि ती कुठून आली हे शोधण्यात दिवस जातो. हाताशी आधीच चांगला फील्ड मिक्सर असेल तर गोष्ट वेगळी.

इशारा: कार्यक्रमांत वापरतात तो यूएसबीवाला छोटा टेबल मिक्सर लोकेशनला आणू नका. त्याला बहुधा भिंतीतली वीज लागते, आणि स्वस्त प्रकारांत सगळे माइक दोनच ट्रॅकमध्ये मिसळून बाहेर येतात. एकदा मिसळलेलं वेगळं होत नाही.

४. आत येणाऱ्या सिग्नलची जात ओळखा

या टप्प्यावर सर्वात जास्त रेकॉर्डिंग बिघडतात, म्हणून थोडं थांबू.

माइकचा सिग्नल अगदी लहान असतो, मिक्सरच्या लाइन आउटचा मोठा. साउंडवाल्याचा फीड लाइन पातळीचा येतो. तो माइक इनपुटला घातला तर आत शिरतानाच फाटतो, आणि मग रेकॉर्डरवर आवाज कितीही कमी करा, फाटलेला आवाज लहान होऊन फाटलेलाच राहतो. म्हणून तुमच्या मशीनच्या किती इनपुटना माइक आणि लाइन असं बदलता येतं, ते खरेदीआधी पाहा.

माइकमाइकांतही फरक मोठा असतो. सेनहायझर एमकेएच ४१६ हा शॉटगन माइक (समोरचाच आवाज जास्त पकडणारा लांबट माइक) ठरावीक आवाजाला २५ मिलिव्होल्ट देतो. शुअर एसएम५८ हा हातात धरायचा डायनॅमिक माइक त्याच आवाजाला १.८५ मिलिव्होल्ट देतो. म्हणजे एसएम५८ ला २२ ते २३ डीबी जास्त गेन लागतो. स्वस्त रेकॉर्डरचा प्रीअॅम्प (माइकचा लहान सिग्नल वाढवणारा भाग) पहिल्या माइकबरोबर शांत वाटतो आणि दुसऱ्याबरोबर सळसळतो, त्याचं कारण हे. ‘अमुक रेकॉर्डर नॉइझी आहे का’ याचं उत्तर तुमचा माइक कोणता हे सांगितल्याशिवाय कोणालाच देता येणार नाही. हातात धरायचा डायनॅमिक माइक वापरणार असाल तर प्रीअॅम्पवर पैसे घाला. संवेदनशील शॉटगन असेल तर तेच पैसे झेपेलिन (माइकभोवतीचा वारा अडवणारा पिंजरा) आणि केसाळ वाराकव्हरावर घालवलेले बरे.

फँटमचे (माइकला केबलमधूनच मिळणाऱ्या विजेचे) ४८ व्होल्ट प्रत्येक इनपुटला स्वतंत्र चालू-बंद करता येतात ना, ते बघा. शॉटगनला ते हवेत. वायरलेस रिसीव्हरला आणि साउंडवाल्याच्या फीडला नकोत, काही उपकरणं त्याने बिघडूही शकतात.

आणि फीडमधली घरघर. मांडव जनरेटरवर असतो किंवा खांबावरून वीज घेतलेली असते. तुमचं मशीन बॅटरीवर असेल तर बहुतेकदा प्रश्न येत नाही, पण कॅमेरा चार्जरवर असेल आणि तुम्ही दोघे केबलने जोडलेले असाल तर ५० हर्ट्‌झची घरघर त्या वाटेने आत येते. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (दोन यंत्रांमधली विजेची वाट तोडून फक्त आवाज पुढे देणारा डबा) पिशवीत कायम ठेवा. घरघर आली की साउंडवाल्याशी वाद घालण्याआधी आपला कॅमेरा बॅटरीवर घ्या. निम्म्या वेळा दोष तिथे निघतो.

५. ३२-बिट फ्लोट: काय वाचवतं, काय नाही

झूम एफ३, एफ६, एफ८एन प्रो आणि साउंड डिव्हायसेसच्या मिक्सप्री मालिकेची दुसरी आवृत्ती ही सगळी मशीनं ३२-बिट फ्लोटमध्ये रेकॉर्ड करतात. अशा फाइलमध्ये शून्याच्या, म्हणजे मीटरच्या कमाल मर्यादेच्या वर गेलेला आवाज संकलनात खाली ओढला तर पूर्ण परत मिळतो. कीर्तनात याचा मोठा फायदा आहे. कीर्तनकार कानात सांगावं तसं हळू बोलता बोलता अचानक ‘विठ्ठल विठ्ठल’चा गजर सुरू होतो आणि वीस टाळ एकदम वाजतात. टाळाचा ठोका इतका तीक्ष्ण असतो की हाताने गेन कमी करेपर्यंत तो होऊन गेलेला असतो.

पण त्यामुळे निष्काळजी होऊ नका. फ्लोट फक्त रेकॉर्डरच्या आतलं वाचवतं. लेपलच्या ट्रान्समीटरमध्येच आवाज फाटला असेल तर तो फाटलेलाच नोंदला जातो. माइकवर वारा आदळला, कपडा घासला, पंख्याची घरघर आली, माइक तोंडापासून लांब राहिला, यांतलं काहीच फ्लोट दुरुस्त करत नाही. शिवाय कॅमेऱ्याला आणि हेडफोनला जाणारं आउटपुट फ्लोट नसतं. हेडफोनमध्ये फाटलेलं ऐकू येईल आणि फाइल स्वच्छ असेल, किंवा फाइल स्वच्छ असेल आणि थेट प्रक्षेपण फाटलेलं जाईल. दुसरी शक्यता महागात पडते.

तपासा: ट्रान्समीटरचा गेन, माणसाला त्याच्या सगळ्यात मोठ्या आवाजात बोलायला लावूनच ठरवा. ‘हॅलो, चेक’ म्हणणारा माणूस पुढे तसा कधीच बोलत नाही. कीर्तनकारांना एखादा अभंग चढ्या सुरात म्हणायची विनंती करा.

२४-बिटवर काम करत असाल तर संवाद साधारण उणे २० डीबीएफएसच्या आसपास आणि टोकाचे आवाज उणे १० च्या खाली राहतील असं धरा, लिमिटर (टोकाचा आवाज आपोआप दाबणारी सोय) चालू ठेवा.

६. टाइमकोड लागतो का?

टाइमकोड म्हणजे कॅमेरा आणि रेकॉर्डर दोघांच्या फाइलवर पडणारी एकच घड्याळवेळ; तिच्यावरून संकलनात चित्र आणि आवाज जुळवतात. एक कॅमेरा आणि छोटे शॉट असतील तर क्लॅप (शॉटच्या सुरुवातीला वाजवायची पाटी) पुरते. क्लॅप फ्रेममध्ये पूर्ण दिसली पाहिजे आणि कॅमेऱ्यावर कच्चा आवाज नोंदला जात असला पाहिजे, इतकंच.

दोन कॅमेरे दोन तास सलग चालणार असतील तर हिशेब बदलतो. दोन यंत्रांच्या घड्याळांत दहा लाखांत दहा एवढा फरक असला तरी तासाला ३६ मिलिसेकंद होतात. २५ फ्रेमच्या चित्रीकरणात एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते. म्हणजे कीर्तन संपेपर्यंत ओठ आणि शब्द जवळजवळ दोन फ्रेमनी सुटलेले. अचूक टाइमकोड घड्याळं दहा लाखांत ०.२ इतकी घट्ट असतात, त्यांत दिवसभरात अर्धी फ्रेमही सरकत नाही. मात्र कॅमेऱ्याला फक्त सुरुवातीचा टाइमकोड देऊन भागत नाही, छोटा टाइमकोड बॉक्स कॅमेऱ्यावर कायम बसवून ठेवावा. तेवढ्यानेही लांब शॉटमध्ये कॅमेऱ्याचं स्वतःचं घड्याळ सरकू शकतं, म्हणून कीर्तनात मधून मधून कॅमेरा थांबवून नवा शॉट सुरू करा, दोन्ही कॅमेरे एकाच वेळी मात्र थांबवू नका.

फ्रेमरेट कॅमेरामनला विचारून, त्याच्या स्क्रीनवर बघून घ्या. ‘नेहमीचाच आहे’ हे उत्तर स्वीकारू नका.

७. विजेचा हिशेब वॅटमध्ये करा

मिलिअँपिअरवर जाऊ नका, व्होल्ट बदलले की ते आकडे फसवतात. रेकॉर्डर फँटमसह ६ वॅट, दोन रिसीव्हर मिळून ३ वॅट, टाइमकोड आणि इतर १ वॅट असं धरलं तर एकूण १० वॅट. दहा तासांचा दिवस म्हणजे १०० वॅट-तास. त्यावर ३० टक्के राखीव, म्हणजे १३०. एनपी-एफ९७० प्रकारची चांगली बॅटरी ४५ ते ५० वॅट-तास देते. तीन लागतील. तुमच्या मशीनचे खरे आकडे त्याच्या माहितीपत्रकातून घ्या, रीत हीच.

पेन्सिल सेलवर मोठा रेकॉर्डर फँटमसकट दिवसभर चालवण्याची आशा धरू नका. सेल आपत्कालीन म्हणून आत घालून ठेवा. बाहेरची वीज गेली की मशीन स्वतःहून सेलवर जातं का, हे रेकॉर्डिंग चालू असताना वायर उपटून घरी बघा.

वारीसारख्या कामात, जिथे मुक्काम रोज बदलतो आणि प्लगसाठी रांग असते, तिथे दोन दिवस पुरतील इतक्या बॅटऱ्या न्या आणि गाडीत चालणारा चार्जर ठेवा. विमानाने जाणार असाल तर सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनमध्येच न्याव्या लागतात. १०० वॅट-तासांपर्यंत परवानगी लागत नाही, १०० ते १६० साठी विमान कंपनीची संमती लागते.

८. आता मशीन

कागदावरच्या आकड्यांशी जुळवा.

दोन स्रोत, एकटा माणूस, कॅमेऱ्याला साधा फीड: झूम एफ३. त्यावर गेनचा नॉबच नाही, फेडरही नाही. बूम धरून एकट्याने काम करणाऱ्याला ते चालतं. थेट मिक्स देणाऱ्याला चालत नाही.

तीन-चार स्रोत, हाताने मिक्स: मिक्सप्री-३ किंवा मिक्सप्री-६ ची दुसरी आवृत्ती. नॉब मोठे, प्रीअॅम्प शांत. नावात सहा असलं तरी मिक्सप्री-६ ला माइकची इनपुट चारच आहेत, उरलेली दोन ३.५ मिमीच्या स्टिरिओ जॅकमधून येतात. हे न बघता घेणारे अनेक आहेत.

सहा स्रोत, बजेट मर्यादित, मिक्स नंतर होणार: झूम एफ६. लहान, हलका, सहा एक्सएलआर (माइकच्या तीन पिनांच्या केबलची) इनपुट. नॉब मात्र बारीक.

सहाच्या वर, किंवा आमच्या कीर्तनासारखं सहा अधिक एक: झूम एफ८एन प्रो. आठ इनपुट, दोन कार्ड. नॉब बारीकच आहेत, पण फेडरांचा वेगळा कंट्रोलर जोडता येतो.

महिन्यातून एकदाच सहा स्रोत लागत असतील तर चार इनपुटचं चांगलं मशीन घ्या आणि त्या दिवशी मोठं भाड्याने आणा. पुणे-मुंबईत भाड्याने सहज मिळतं. रोज रिकामी राहणारी इनपुट विकत घेण्यापेक्षा त्या पैशांत दुसरा चांगला माइक येतो.

पावसाळ्यातल्या कोकणात किंवा वारीत काम असेल तर निवडीत आर्द्रताही धरा. साध्या कंडेन्सर माइकच्या कॅप्सूलमध्ये दमट हवेत तडतड सुरू होऊ शकते. सेनहायझरची एमकेएच मालिका आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सी) पद्धतीवर चालते, ती अशा हवेत जास्त टिकते. माइक रात्री सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवा.

९. कार्ड आणि फाइल

४८ किलोहर्ट्‌झ, २४-बिटचा एक ट्रॅक तासाला सुमारे ५२० एमबी घेतो, ३२-बिटचा सुमारे ६९० एमबी. सहा माइक आणि स्टिरिओ मिक्स असे आठ ट्रॅक ३२-बिटवर धरले तर तासाला साडेपाच जीबी. साध्या वेव्ह फाइलची मर्यादा ४ जीबी आहे, म्हणून लांब रेकॉर्डिंगचे मशीन स्वतः तुकडे करतं. संकलकाला सगळे तुकडे एका फोल्डरमध्ये द्या, आणि तुकडे आहेत हे लिहूनही द्या.

कार्ड संगणकावर नाही, रेकॉर्डरमध्येच फॉरमॅट करा, तेही दोन ठिकाणी प्रत झाल्याशिवाय नाही. दोन कार्डांची सोय असेल तर दोन्हींवर एकाच वेळी तीच नोंद ठेवा. ४४.१ किलोहर्ट्‌झ गाण्यांच्या सीडीसाठी होतं, चित्राबरोबर ४८ च.

१०. पैसे देण्याआधी एक रात्र

मशीन एक दिवस भाड्याने आणा आणि तुमचाच माइक, तुमच्याच केबल लावा. रात्री पंखा आणि फ्रीज बंद करून शांत खोलीत दोन फुटांवरून हळू बोला, मग हेडफोनमध्ये सळसळ ऐका. पिशवी गळ्यात घालून अर्धा तास उभे राहा. मेनूतून लो-कट (खालची घरघर कापणारी सोय) चालू करायला किती वेळा बोट लागतं ते बघा, कारण उन्हात स्क्रीन न दिसताना तुम्हाला तेच करायचं आहे. सगळं जोडून बॅटरी संपेपर्यंत चालवा आणि वेळ लिहा.

इशारा: रिसीव्हर आणि रेकॉर्डर एकाच पिशवीत चिकटून ठेवल्यावर वायरलेसची रेंज घटू शकते. ट्रान्समीटर कोणाच्या तरी कमरेला लावून त्याला गल्लीच्या टोकापर्यंत चालवा. फोनचाही हेडफोनमध्ये आवाज येतो का बघा.

११. लोकेशनवरचा क्रम

क्रम महत्त्वाचा आहे, कारण प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी आहे.

1. कॅमेरा लागण्याआधी पोहोचा, दोन मिनिटं नुसतं ऐका. पंखा, फ्रीज, पाण्याची मोटर, शेजारची पिठाची गिरणी. जे बंद करता येतं ते आत्ताच करून घ्या, शॉट लागल्यावर कोणी ऐकत नाही.
2. सगळं बंद असताना केबल जोडा. मग मशीन चालू, मग हव्या त्याच इनपुटला फँटम. फँटम चालू असताना केबल काढू-घालू नका.
3. वायरलेसच्या वाहिन्या त्याच जागी स्कॅन करा. काल दुसऱ्या गावात मोकळी असलेली वाहिनी आज भरलेली असू शकते.
4. ट्रॅकना नावं द्या: ‘बूम’, ‘महाराज’, ‘मृदंग’. ‘ट्रॅक ४’ हे नाव संकलकाला काहीच सांगत नाही.
5. तारीख, फ्रेमरेट, टाइमकोड जुळवा. जेवणानंतर पुन्हा जुळवा.
6. टोन पाठवून कॅमेरा जुळवा. कॅमेऱ्याचा ऑटो गेन बंद.
7. एक मिनिट रेकॉर्ड करा आणि ते परत लावून ऐका. मीटर हलतंय म्हणजे रेकॉर्ड झालं असं नाही. कार्डवरून ऐकलेलंच खरं.
8. प्रत्येक जागेचा तीस सेकंद ते एक मिनिट रूम टोन (त्या जागेचा नुसता आवाज), सगळे स्तब्ध असताना. दिवे, माणसं, माइक जिथे होते तिथेच ठेवून. पॅकअपची घोषणा होण्याआधी मागा.

पॅकअपला फँटम बंद करून मगच केबल काढा, कार्डाची पहिली प्रत गाडीत बसण्याआधी घ्या, आणि कोणत्या शॉटला विमान गेलं, कोणत्या लेपलला कपडा घासला ते साउंड रिपोर्टमध्ये लिहून कार्डासोबतच संकलकाकडे द्या.